कोपर की कोपरी : पोलिसांच्या बिनतारी भाषेविषयी

पोलिसांच्या गाडीतील बिनतारी संचावरून अखंड चाललेले बोलणे रस्त्यावरच्या माणसाच्या कानांवर पडते, तेव्हा त्यातले निम्मे त्याला कळत नाही, आणि जे कळत नाही ते मुद्दाम लपवलेले असावे असा त्याचा समज होतो. हा समज अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बिनतारी संदेशवहनातील सांकेतिक शब्द, आकडे आणि ठरावीक वाक्प्रयोग यांचा इतिहास तपासला, तर त्यांपैकी फार थोडे लपवण्याच्या हेतूने जन्मले असे दिसते. बहुतेकांचा जन्म यंत्रातील खरखर, हाताशी असलेला तुटपुंजा वेळ आणि माणसाच्या कानाला होणाऱ्या चुका यांतून झाला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाचा मुलूख या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे, कारण ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट अशा पाच परिमंडळांत विभागलेल्या या पट्ट्यात दाट वस्ती, मध्येच आडवे येणारे डोंगर, लोहमार्गाने दुभंगलेली शहरे आणि एकसारखी गावनावे हे सगळे एकत्र आले आहे. शब्द नीट न पोहोचण्याची जितकी कारणे कल्पिता येतील, तितकी येथे प्रत्यक्ष हजर आहेत.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. मजकुरातील अक्षरांची ठरलेल्या नियमाने उलथापालथ करून तो अनोळखी माणसाला न कळेल असा करणे म्हणजे गुप्तलेखन. मराठी घरांतील मुले वापरतात ती ‘च’ची भाषा हा त्याचा सर्वांत साधा नमुना होय : शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा, की ‘ठाणे’चे ‘चणेठा’ होते आणि ‘कल्याण’चे ‘चल्याणक’. दुसरा प्रकार संकेताचा. त्यात अक्षरांना हात न लावता एका संपूर्ण अर्थासाठी आधी ठरवलेली खूण वापरतात. बोटांच्या हालचालींनी बोलण्याची करपल्लवी किंवा गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरवला जाणारा भाव ही त्याची आपल्याकडील जुनी उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार संक्षेपाचा असून त्यात लपवण्याचा हेतूच नसतो. लांबलचक वाक्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेला एक छोटा शब्द बोलायचा, एवढेच त्याचे काम. पोलिसांच्या बिनतारी भाषेत दुसरा आणि तिसरा प्रकार मिसळलेले असतात, आणि पहिला प्रकार, म्हणजे खरे गुप्तलेखन, माणसाच्या जिभेकडून आता यंत्राकडे गेलेला आहे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरील पुष्कळसे लोकप्रिय लेखन भरकटते.

ही भाषा अशी का घडली हे समजण्यासाठी संचाच्या यंत्रणेत थोडे शिरावे लागते. पोलिसांचे नेहमीचे संच प्रामुख्याने अतिउच्च वारंवारतेच्या लहरींवर चालतात. १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या या लहरींची लांबी सुमारे २ मीटर असते, आणि म्हणूनच गाडीच्या टपावरील लवचीक काडी, म्हणजे अँटेना, लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, जवळजवळ अर्धा मीटर उंच दिसते. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि डोंगराला अडतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर उभा आहे. १९१६ मध्ये पूर्ण झालेला सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा रेल्वेला ज्या कारणासाठी खणावा लागला, तेच कारण लहरींनाही लागू पडते. फरक इतकाच की लहरींसाठी बोगदा खणता येत नाही. त्यांना उंचावर बसवलेल्या पुनर्प्रक्षेपकाकडून, ज्याला नेहमीच्या भाषेत रिपीटर म्हणतात, पलीकडे न्यावे लागते. खालून आलेला क्षीण आवाज पकडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरकसपणे पुन्हा फेकायचा, हे रिपीटरचे काम.

यात दोन अडचणी अंगभूत आहेत. पहिली म्हणजे या संचावर दूरध्वनीसारखे दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही. बोलण्यासाठी कळ दाबून धरावी लागते, ती दाबलेली असताना ऐकू येत नाही, आणि सोडली की बोलता येत नाही. म्हणून आपले बोलणे संपले आणि उत्तराची अपेक्षा आहे हे ‘ओव्हर’ या शब्दाने सांगावे लागते. कळ दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली तर लहर पुरती उभी राहण्याआधीच पहिले अक्षर निघून जाते. दोन गाड्यांनी एकदम कळ दाबली, तर या प्रकारच्या प्रक्षेपणात ज्याची लहर जोरकस त्याचेच बोलणे पोहोचते आणि दुसऱ्याचे नाहीसे होते, म्हणजे दुर्बळ बाजूच्या माणसाला आपले कोणी ऐकलेच नाही याचा पत्ताही लागत नाही. दुसरी अडचण आवाजाच्या पट्ट्याची. संचातून जाणारा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झ एवढ्या अरुंद पट्ट्यात कोंबलेला असतो. स्वरांचे बहुतेक बळ या पट्ट्यात बसते, पण ‘स’सारख्या ऊष्म वर्णाचे बरेचसे बळ त्याच्या वर असते, ‘ख’, ‘ठ’, ‘थ’ यांतील हकाराचा झोतही खरखरीत सहज बुडून जातो. मराठी ही ज्या भेदांवर उभी आहे त्यांपैकी काही भेद हे यंत्र मुळातच नीट वाहून नेत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पहिले अक्षर गिळले जाण्याच्या अडचणीतूनच जगातील सर्वांत प्रसिद्ध पोलिसी संकेतमाला जन्माला आली. अमेरिकेत डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत बिनतारी संच बसवले, परंतु ते केवळ ऐकण्याचे होते. दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे १९३३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९३७ च्या सुमारास, इलिनॉय राज्य पोलिसांचे संदेशवहन अधिकारी चार्ल्स हॉपर यांनी ‘दहा-चार’, ‘दहा-वीस’ अशी आकड्यांची माला रचली. त्या काळच्या संचांना वीज पुरवणारी यंत्रे कळ दाबल्यावर पूर्ण गती घेईपर्यंत सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा घेत, आणि तेवढ्यात बोललेला शब्द वाया जाई. हॉपर यांनी प्रत्येक संकेताच्या आधी ‘दहा’ हा शब्द ठेवला, तो वाया जाण्यासाठीच. तो बुडाला तरी चालेल, मागचा आकडा शाबूत पोहोचावा, हा त्यामागचा हिशेब होता. ज्या शब्दात जगाने पुढे गूढता पाहिली, तो मुळात यंत्राच्या तोंडी टाकलेला घास होता. कंट्रोलला हाक मारताना नाव दोनदा उच्चारण्याची पद्धत याच जातीची आहे : पहिला उच्चार कान टवकारण्यासाठी खर्ची पडतो आणि दुसरा ऐकला जातो.

अक्षरे सांगण्याची अडचण वेगळ्या वाटेने सोडवली गेली. इंग्रजीतील बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही अक्षरे एकाच स्वरावर संपतात, त्यामुळे संचावर ती जवळजवळ एकच होऊन जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्यात ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ अशी शब्दमाला रूढ झाली. तीत ‘पी’साठी ‘पीटर’ आणि ‘आर’साठी ‘रॉजर’ होते. संदेश मिळाला या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आर, म्हणून ‘रॉजर’ म्हणजे ‘मिळाले’, हा अर्थ तेथून आला आणि माला बदलल्यावरही टिकला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने माँट्रिऑल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झां-पॉल विने यांच्या अभ्यासाच्या आधारे निरनिराळ्या भाषकांना सारखेच ओळखू येतील असे शब्द निवडले आणि १९५६ मध्ये ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा’ ही आजची माला अंमलात आली. मुंबई आणि आसपासच्या पोलीस ठाण्यांच्या गस्ती गाडीला ‘पीटर मोबाईल’ म्हणतात, आणि हे नाव नव्या मालेतील ‘पापा’शी जुळत नसून जुन्या मालेतील ‘पीटर’शी जुळते. सात दशकांपूर्वी जगाने टाकून दिलेला शब्द येथील हवालदारांच्या तोंडी जिवंत राहावा, ही भाषेच्या चिवटपणाची एक सुंदर खूण आहे.

मराठीला स्वतःची अशी माला नाही असे म्हणता येणार नाही. ‘क कमळाचा’, ‘ग गणपतीचा’, ‘ण बाणातला’, ‘ळ बाळातला’ ही अंकलिपीची परंपरा दूरध्वनीवर आडनाव सांगताना आजही कामी येते, आणि ‘ळ’ व ‘ल’ यांतील भेद खरखरीतून पार नेण्याचा तिच्याहून चांगला उपाय नाही. परंतु वाहनांच्या क्रमांकातील अक्षरे रोमन असल्याने पोलिसांना तिचा उपयोग मर्यादितच होतो. त्या क्रमांकांत आय आणि ओ ही अक्षरे मालिकेसाठी वापरली जात नाहीत, कारण त्यांचा एक आणि शून्य या आकड्यांशी घोटाळा होतो. म्हणजे डोळ्यांची चूक टाळण्याची काळजी घेतली गेली, कानांची चूक टाळण्याचे काम मात्र बोलणाऱ्यावर सोपवले गेले.

कानांची ही चूक मराठी आकड्यांत सर्वाधिक संभवते. मराठीत एकवीसपासून पुढच्या संख्यांत एकक आधी आणि दशक नंतर येतो : ‘सत्तावन्न’मध्ये सातची खूण आरंभी आहे आणि पन्नासची शेवटी. कळ दाबताना आरंभ गिळला गेला तर एकक जातो आणि ‘वन्न’ एवढेच उरते, ज्यावरून एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांपैकी काहीही असू शकते; शेवट बुडाला तर ‘सत्ता’ उरते आणि ते सत्तावीस की सत्तावन्न हे कळत नाही. याहून घातक प्रकार ‘एकोण’चा आहे. ‘एकोणसाठ’ या शब्दाचा आरंभ बुडाला की ‘साठ’ उरतो, आणि ‘साठ’ ही पूर्ण, अर्थपूर्ण, पण चुकीची संख्या आहे. अर्धवट शब्द ऐकणारा माणूस ‘पुन्हा सांगा’ म्हणतो. पूर्ण वाटणारा चुकीचा शब्द ऐकणारा माणूस तो लिहून घेतो आणि नाकाबंदीवर भलत्याच गाडीची वाट पाहत उभा राहतो. संदेशवहनात ऐकूच न आलेल्या शब्दापेक्षा चुकीचा पण स्पष्ट ऐकू आलेला शब्द अधिक धोक्याचा असतो, तो यामुळे.

म्हणून संचावर संख्या जोडून न सांगता अंक सुटे करून सांगण्याची शिस्त आहे. ठाण्याच्या गाड्यांचा सांकेतिक क्रमांक एमएच ०४ आणि कल्याणच्या गाड्यांचा एमएच ०५. तो ‘एमएच शून्य पाच’ असा आणि शेवटचे चार आकडे ‘पाच नऊ, पाच सात’ असे एकेक करून बोलले म्हणजे ‘एकोणसाठ सत्तावन्न’मधील सारे सापळे टळतात. तरीही सुट्या अंकांत एक जोडी नाजूक राहते. ‘सात’मधला ‘स’ अरुंद पट्ट्यात क्षीण झाला की ‘आत’ उरते, आणि ‘आठ’मधल्या ‘ठ’चा हकार बुडाला की ‘आट’ उरते. दोहोंतील अंतर मग अगदी थोडे असते. इंग्रजीत ‘फाईव्ह’ आणि ‘नाईन’ यांची अशीच गल्लत होते, आणि म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत नवाचा उच्चार मुद्दाम ‘नायनर’ असा लांबवलेला आहे. मराठीत सात-आठच्या जोडीसाठी अशी सर्वमान्य तोड काढली जावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

हाच प्रश्न २०१९ च्या जून महिन्यात सबंध महाराष्ट्रासमोर वेगळ्या वेशात आला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ असे संख्यावाचन दिले गेले आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद पोहोचला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याचे समर्थन करताना मुलांना जोडाक्षरयुक्त, उलट क्रमाच्या संख्यानामांचा होणारा त्रास पुढे केला होता. मराठी संख्यानामांचे सौंदर्य आणि त्यांचा वारसा यांबद्दल विरोधकांनी जे म्हटले त्यात तथ्य होतेच. परंतु ज्या कामात एका आकड्याच्या चुकीने माणूस दगावू शकतो त्या कामाने, कोणतीही समिती न नेमता, हा प्रश्न सुट्या अंकांच्या बाजूने निकालात काढलेला होता, हे त्या वादात कोणाच्या लक्षात आले नाही.

आकड्यांनंतर नावे. या बाबतीत ठाणे आयुक्तालयाइतका अवघड प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच असेल. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधील रेल्वे स्थानकाचे नाव कोपर. ठाणे पूर्वेला जे पोलीस ठाणे आहे त्याचे नाव कोपरी. आणि खाडीपलीकडे, नवी मुंबईच्या हद्दीत, कोपरखैरणे. कोपर आणि कोपरी यांच्यात बारा-तेरा किलोमीटरचे अंतर आहे, पण उच्चारात फरक शेवटच्या एका ‘ई’चा, आणि बोलणाऱ्याने कळ सोडण्याची घाई केली की नेमका तोच नाहीसा होतो. मानपाड्याची गोष्ट याहून बिकट आहे. डोंबिवली पूर्वेला मानपाडा पोलीस ठाणे आहे, तर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाडा नावाची वस्ती असून तेथील पोलीस ठाण्याला चितळसर-मानपाडा म्हटले जाते. दोन्ही एकाच आयुक्तालयात. विष्णुनगर हे डोंबिवली पश्चिमेच्या पोलीस ठाण्याचे नाव आहे आणि ठाण्यात नौपाड्यातही विष्णुनगर आहे. रामनगर डोंबिवली पूर्वेला आहे, तसेच ते वागळे इस्टेटमध्येही आहे. टिळकनगर डोंबिवलीत आहे आणि मुंबईत चेंबूरलाही. शिवाजी चौक, गांधीनगर, गणेशनगर यांची तर गणतीच नको. अशा ठिकाणी केवळ जागेचे नाव सांगणारा संदेश हा अर्धा संदेश होय. आधी पोलीस ठाण्याची हद्द, मग जागा, मग ओळखीची खूण, हा क्रम येथे पुस्तकी शिस्तीतून आलेला नाही. या भूगोलाने तो भाग पाडला आहे. ‘हद्द’ हा फारसी-अरबी वळणाचा शब्द पोलिसांच्या बोलण्यात दर वाक्याआड येतो तो केवळ अधिकाराच्या जाणिवेने येत नाही, गाडी कोणत्या दिशेला वळवायची हे त्यावर ठरते.

लोहमार्गाने येथील प्रत्येक शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत, आणि फाटक बंद असताना किंवा उड्डाणपूल तुंबलेला असताना चुकीच्या बाजूला पोहोचलेली गाडी अर्धा तास उपयोगाची राहत नाही. बोलण्याच्या सवयीने लोक ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हणतात. हे दोन शब्द संचासाठी फार वाईट आहेत, कारण दोहोंचा शेवट एकच आहे आणि भेद केवळ आरंभात, जो सर्वांत आधी बुडतो. ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ यांचा आरंभीचा ‘प’ सारखा असला तरी त्यापुढचे स्वर, अक्षरसंख्या आणि शेवट हे सगळेच निराळे आहेत. निम्मा शब्द बुडाला तरी उरलेल्या निम्म्यावरून तो ओळखता येतो. संदेशशास्त्रात ज्याला अतिरिक्तता म्हणतात, म्हणजे काही भाग हरवला तरी अर्थ वाचवणारा फाजील भाग, ती मराठी शब्दांत येथे आयतीच आहे. मराठीचा आग्रह भावनेने धरणारे पुष्कळ आहेत. या एका ठिकाणी तो निव्वळ ध्वनिशास्त्राच्या बळावर धरता येतो.

पोलिसांच्या तोंडी आणखी एक आकड्यांची भाषा असते, जी कोणी संकेत म्हणून रचली नाही पण संकेतासारखीच चालते : कायद्याच्या कलमांची. ‘तीनशे दोन’ म्हणजे खून, ‘तीनशे सात’ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ‘चारशे वीस’ म्हणजे फसवणूक, हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील क्रमांक इतके रुळले की ते सामान्य मराठीतही वाक्प्रचार होऊन बसले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही सारी शब्दसंपत्ती एका रात्रीत पालटली. खुनाचे कलम १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाचे १०९ आणि फसवणुकीचे ३१८. केवळ नवे आकडे पाठ करण्याचा प्रश्न असता तर तो सोपा होता; अडचण अशी की जुने आकडे रिकामे राहिलेले नाहीत. नव्या संहितेतील ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांविषयीचे कलम आहे, ३०७ हे विशिष्ट तयारीनिशी केलेल्या चोरीचे, आणि ३०४, जे पूर्वी सदोष मनुष्यवधाचे होते, ते आता हिसकावून नेण्याच्या गुन्ह्याचे आहे. सोनसाखळी हिसकावल्याची खबर आणि माणूस दगावल्याची खबर यांचा आकडा एकच होण्याचा हा काळ जाईपर्यंत संचावर आकड्याऐवजी ‘खून’, ‘जबरी चोरी’, ‘सोनसाखळी’ असे साधे शब्द वापरणे यातच शहाणपण आहे.

साध्या शब्दांकडे परतण्याची ही वाट अमेरिकेने मोठी किंमत मोजून शोधली. दहाच्या आकड्यांची माला प्रत्येक शहराने आपल्या सोयीने बदलत नेली, आणि दोन शेजारच्या दलांत एकाच आकड्याचे दोन अर्थ झाले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात आणि त्यानंतरच्या आपत्तींत निरनिराळ्या दलांना एकमेकांशी नीट बोलता न आल्याचे उघड झाल्यावर तेथील संघराज्य सरकारने अनेक दले एकत्र येतात त्या घटनांसाठी साधी भाषा वापरण्याची अट २००६ पासून अनुदानाशी जोडली. कल्याण स्थानकावर उभे राहिले की या धड्याचे स्थानिक रूप समोर दिसते. फलाटावर रेल्वे सुरक्षा दल असते, जे केंद्राचे आहे. गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलिसांकडे असतो, जे राज्याचे आहेत पण मुंबई लोहमार्ग आयुक्तालयाचे. पश्चिमेचा जिना उतरला की महात्मा फुले चौक पोलीस ठाणे, पूर्वेला उतरला की कोळसेवाडी. आणि आग लागली तर महापालिकेचे अग्निशमन दल. शहराबाहेर थोडे गेले की ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द सुरू होते. यांतील प्रत्येकाची संदेशव्यवस्था आणि बोलण्याची सवय वेगळी. अशा जागी एका दलाचा खास संकेत दुसऱ्या दलासाठी निव्वळ अडथळा ठरतो.

मग भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या खिशात असताना ही जुनी यंत्रणा ठेवावीच कशाला, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर गर्दीत आणि पुरात मिळते. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा फडके रस्त्यावर येते, तेव्हा एकेका कर्मचाऱ्याला वेगळा फोन लावत बसणे अशक्य असते. संचावर मात्र एक बोलतो आणि पथकातील सगळे ऐकतात, आणि न बोलताही प्रत्येकाला सबंध रस्त्याचे चित्र कळत राहते. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली त्या दिवशी, मुंबई-ठाणे पट्ट्यातील दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी मोठ्या प्रमाणात बंद पडले होते. स्वतःची वीज, स्वतःचे मनोरे आणि स्वतःच्या लहरी असलेली यंत्रणा ही अशा दिवसाची गरज आहे. महाराष्ट्र पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग पुण्यातून चालतो आणि देशभरातील पोलीस संदेशवहनाचा मेळ घालणारे केंद्रीय संचालनालय १९४६ पासून काम करत आहे. यंत्रे बदलत गेली तरी ही बांधणी मोडली गेलेली नाही, ती याच कारणाने.

संचावरील बोलण्याची वेळेसह नोंद राहते, हा तिचा दुसरा गुण. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात मारले गेलेले अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षातील नोंदी मिळवल्या आणि त्यांच्या आधारे कोणता संदेश केव्हा आला व त्यावर काय झाले याचे प्रश्न ‘टू द लास्ट बुलेट’ या २००९ च्या पुस्तकातून विचारले. त्या प्रश्नांवर मतभेद झाले, पण ते प्रश्न विचारता आले ते नोंदींमुळे. बिनतारी भाषा नेमकी असली पाहिजे याचे हेही एक कारण आहे, की ती त्या रात्रीपुरती नसते. वर्षानुवर्षांनी एखादी पत्नी, एखादे न्यायालय किंवा एखादी समिती ती शब्दशः वाचणार असते.

गुप्ततेचा भाग उरतो, आणि तो खोटा नाही. छाप्याची जागा, बंदोबस्तातील मोठ्या व्यक्तीचा मार्ग, अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव या गोष्टी उघड्या वाहिनीवर बोलायच्या नसतात, आणि अधिकाऱ्यांना नावाऐवजी पदाशी जोडलेले सांकेतिक नाव असते तेही काही अंशी यासाठीच. परंतु शब्दांच्या पडद्याने गुप्तता राखण्याचा काळ मागे पडला आहे. जो संकेत शेकडो शिपायांना पाठ असतो तो फार दिवस गुप्त राहत नाही, आणि वरचेवर बदलला तर तो शिपायांनाच आठवत नाही. आजचे अंकीय संच आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून ते किल्लीने बंद करतात. ही कुलपेही अभेद्य नसतात. युरोपात आणि अन्यत्र पोलीस वापरतात त्या टेट्रा नावाच्या पद्धतीतील एक कुलूप मुद्दाम कमकुवत ठेवलेले असल्याचे डच संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. तरीही कुलपाचे काम कुलपाने करावे आणि भाषेने समजावून सांगण्याचे, ही वाटणी योग्य आहे. परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगण्यावर १९३३ च्या कायद्याने बंदी घातली ती वेगळी तटबंदी आहेच.

या साखळीचे पहिले टोक नागरिकाच्या हातात आहे, आणि ते सर्वांत कच्चे आहे. ११२ हा क्रमांक फिरवला की महाराष्ट्रातील हाक नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात उचलली जाते. तेथून ती ठाण्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि जवळच्या गाडीतील पडद्यावर जाते. नागपुरात बसलेल्या कर्मचाऱ्याला मानपाडे दोन आहेत हे ठाऊक असेलच असे नाही, आणि भेदरलेला माणूस ‘मानपाड्याला या’ एवढेच ओरडून फोन ठेवतो. म्हणून ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतून मदत मागणाऱ्याने आधी शहराचे नाव सांगावे, मग पूर्व की पश्चिम ते मराठीत सांगावे, मग रस्ता आणि जवळची ठळक खूण. गाडीचा क्रमांक सांगायचा तर एकेक अंक सुटा करून सांगावा, आणि पलीकडच्याने तो पुन्हा वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवू नये.